चिडलेला सुरवंट



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना हंसूं येईल, हें मी गृहीत धरूनच चाललों आहें. ज्याचें सारें आयुष्य फळा, खडू आणि हजेरीपट यांच्या संगतींत गेलें, ज्याची स्वतःची विद्या मॅट्रिकच्या उंबरठ्यापाशींच थांबली, आणि ज्याचीं साठीनंतरचीं वर्षें आष्ट्यासारख्या गांवीं परसांतल्या झाडांना पाणी घालण्यांत चाललीं आहेत, अशा एका निवृत्त शिक्षकानें मुलांच्या व्हिडिओ गेममधील एका सुरवंटावर बोलावें, ही गोष्ट थोडी विचित्र दिसणारच. परंतु हा सुरवंट मला एका उन्हाळ्यांत भेटला आणि त्यानें मला माझ्याच जुन्या वर्गांत परत नेऊन उभें केलें. तेव्हां त्याची हकीकत आपल्या कानांवर घालणें मला प्राप्त आहे.

माझा नातू पुण्यास असतो. वय वर्षें नऊ. मे महिन्यांत तो आमच्याकडे आला, तेव्हां त्याच्याबरोबर हातांत मावणारें एक यंत्रहि आलें. पहिले दोन दिवस मी त्या यंत्राकडे वैरभावानेंच पाहत होतों. परसांत आंबे पाडाला लागलेले, संध्याकाळीं वारा सुटलेला, आणि हा मुलगा सोप्यांत बसून कांचेच्या एका तुकड्यावर डोळे खिळवून बसलेला! तिसर्‍या दिवशीं त्याला रागें भरावयाचें असें ठरवूनच मी त्याच्यापाशीं गेलों. त्यानें वर न पाहतांच सरकून मला जागा करून दिली आणि म्हणाला, “आजोबा, तुम्हीच खेळा ना. पण तो पिवळा दिसतोय ना, त्याच्यावर उडी मारूं नका हं.”

श्रोतेहो, आयुष्यभर मी मुलांना ‘हें करूं नका, तें करूं नका’ असें बजावीत आलों. आतां तेंच वाक्य माझ्या वांट्यास आलें होतें, आणि माझ्या विद्यार्थ्यांनीं जें केलें असतें तेंच माझ्या हातून झालें. खोटें कशाला सांगूं, बोटांना त्या कळांची संवय नव्हती हेंहि एक कारण होतेंच. उडी पडली ती नेमकी त्या पिवळ्या प्राण्याच्या डोक्यावर. त्यासरशीं त्याच्या डोक्यावरचें फूल गळून पडलें, अंग तांबडें लाल झालें, आणि इतका वेळ आपल्याच नादांत सावकाश चाललेला तो जीव वेगानें माझ्या अंगावर धांवून आला. मीं घाबरून पुन्हां उडी मारली. तो मेला नाहीं. आणखी एक मारली. तरीहि मेला नाहीं. अखेर मीच मेलों, आणि नातू टाळ्या पिटून हंसूं लागला.

ज्यांच्या घरीं असें यंत्र नाहीं त्यांच्याकरितां थोडा खुलासा केला पाहिजे. जपानांत क्योटो शहरीं निन्तेंदो नांवाची एक पेढी आहे. १८८९ सालीं ती निघाली ती पत्ते तयार करण्यासाठीं. फुलांचीं चित्रें काढलेले ‘हानाफुदा’ नांवाचे जपानी पत्ते ती बनवी. पुढें काळ बदलला तशी ती खेळण्यांकडे आणि मग विजेवर चालणार्‍या खेळांकडे वळली. तिचा जगप्रसिद्ध नायक म्हणजे मारिओ. मिशा राखलेला, बुटका, नळकाम करणारा कारागीर. राजपुत्र नव्हे, योद्धा नव्हे, तर हातांनीं काम करणारा एक सामान्य मनुष्य नायक व्हावा, ही गोष्ट माझ्या मनास आवडली. त्याचें मुख्य शस्त्र म्हणजे त्याचे पाय. शत्रूच्या डोक्यावर उडी मारावयाची, कीं शत्रूचा निकाल लागला. १९८५ सालच्या खेळांत छत्रीच्या आकाराचा गूम्बा नांवाचा शत्रु पायाखालीं येतांच चपटा होऊन नाहींसा होतो. कासव असेल तर तें आपल्या कवचांत शिरून बसतें. खेळणार्‍या मुलाच्या मनावर हा धडा चांगलाच ठसतो. समोर येईल त्याला तुडवावें आणि पुढें जावें!

१९९० सालीं ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ नांवाचा खेळ निघाला, आणि त्यांत हा सुरवंट प्रथम अवतरला. इंग्रजींत त्याला ‘विगलर’ म्हणतात. आपण वळवळ्या म्हणूं. गोल गोल मण्यांची माळ ओवावी तसें पिवळें अंग, मोठे डोळे, डोक्यावर एक फूल. जपानी मुलें त्याला ‘हानाचान’ म्हणतात. ‘हाना’ म्हणजे फूल, आणि ‘चान’ हा प्रत्यय जपानी माणसें लहान मुलांच्या नांवापुढें लाडानें लावतात. शत्रूच्या यादींत ज्याचें नांव घातलें, त्यालाच आपण ‘फूलबाळ’ म्हणावें, असा हा प्रकार आहे. आणि खरोखरच तो कोणाचें कांहीं वाईट करीत नाहीं. रानांतून आपला येतो, आपला जातो. वाटेंत आपण आडवे आलों तर धक्का लागतो, एवढाच काय तो त्याचा अपराध. परंतु ज्या उडीनें इतर शत्रु मरतात, त्याच उडीनें हा मात्र शत्रु होतो. खेळ रचणार्‍यांनीं एवढी एकच गोष्ट उलटी फिरविली, आणि तुडविण्याच्या त्या सार्‍या शास्त्राला एक प्रश्नचिन्ह लावून ठेवलें.

त्याची पुढची कथा तर याहूनहि मार्मिक आहे. १९९६ सालीं ‘सुपर मारिओ ६४’ हा खेळ आला. त्यांतील एका बेटाच्या शिखरावर पाण्याचें डबकें आहे. मारिओ तेथें जोरानें आपटतो, त्यासरशीं भोंक पडतें आणि सारें पाणी खालीं गुहेंत उतरतें. त्या गुहेंत या सुरवंटाचें घर असतें. मारिओ आंत शिरतो तेव्हां तो बिचारा रडकुंडीस आलेला असतो. छत फुटलें, जमीन भिजली, आतां मी काय करूं, अशी त्याची तक्रार असते; आणि बोलतां बोलतांच त्याचा राग भडकतो. मग लढाई होते. तीन वेळां मार खाल्ल्यावर तो शरण येतो, आपल्याजवळचा चमकणारा तारा मारिओला देऊन टाकतो आणि म्हणतो कीं, आतां मला बरें वाटतें. नाहीं तरी छताच्या भोंकांतून मला रात्रीं आकाशांतले तारे दिसतात, त्यांनीं मन शांत होतें. पुन्हां केव्हांहि भेटावयास या. ज्यानें घर बुडविलें त्यालाच हें आमंत्रण! नातवानें मला हा प्रसंग मराठींत समजावून सांगितला, तेव्हां सांगतां सांगतां तोहि क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, “तसा मारिओच चुकला होता, नाहीं का आजोबा?”

पुढें तर या सुरवंटाचें शत्रुत्वहि पातळ होत गेलें. २०११ सालच्या गाड्यांच्या शर्यतीच्या खेळांत तो स्वतःच गाडी हांकूं लागला. कोणतेंहि मूल त्याला निवडून, त्याच्या बाजूनें शर्यत खेळूं शकतें. २०२३ सालच्या खेळांत तो मारिओशीं पळण्याची पैज लावतो. आपल्याकडे कोंकणांत शिमग्याच्या दिवसांत संकासुर येतो, तोहि असाच. मूळचा तो दैत्य. परंतु काळे कपडे, उंच टोपी आणि लांब जीभ लावून तो नाचूं लागला कीं मुलें भितातहि आणि त्याच्याच मागें मागें धांवतातहि. जो शत्रु पुन्हां पुन्हां येतो, त्याच्याशीं माणसाची हळू हळू ओळख होते, आणि ओळख झाली कीं निखळ वैर टिकत नाहीं.

त्या दिवशीं हरल्यावर मीं नातवाला म्हटलें, “चल, तुला खरा वळवळ्या दाखवितों.” आमच्या परसांत कागदी लिंबाचें एक झाड आहे. त्याच्या कोंवळ्या पानांवर मला हव्या होत्या त्या अळ्या सांपडल्या. लिंबावरच्या फुलपाखराची ही अळी लहानपणीं हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते; काळसर अंग आणि त्यावर पांढरे ठिपके. कोणता पक्षी ती विष्ठा खावयास येईल? मोठी झाली कीं ती पानासारखी हिरवी होते, म्हणजे पुन्हां दिसेनाशी होते. अशी एक हिरवी अळी पाहून मीं नातवाच्या हातीं गवताची एक काडी दिली आणि म्हटलें, “हिच्या मानेपाशीं हळूच लाव.” त्यानें काडी लावतांच अळीनें मान वर उचलली आणि मानेमागून लालसर रंगाचीं, ओलसर अशीं दोन शिंगें फटकन बाहेर काढलीं. बरोबरच एक उग्र वास सुटला. नातू दोन पावलें मागें सरला आणि ओरडला, “आजोबा, ही पण चिडते!”

श्रोतेहो, या शिंगांत विष नाहीं. तीं टोंचत नाहींत कीं चावत नाहींत. मुंग्या, लहान कोळी अशा शत्रूंना वास देऊन घालविण्यापुरतींच तीं आहेत. थोडा वेळ गेला कीं अळी तीं पुन्हां आंत ओढून घेते आणि पान खाऊं लागते. दुर्बळाचा राग हा बहुधा असाच असतो. तो अंगावर येतो असें आपणांस वाटतें, पण तो मूळचा ‘मला हात लावूं नका’ एवढेंच सांगत असतो. आपलें महाराष्ट्राचें राज्य-फुलपाखरूं म्हणून २०१५ सालीं जिला मान मिळाला, ती ‘राणी पाकोळी’ म्हणजे ब्लू मॉर्मन, ती याच कुळांतली. तिची अळीहि लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढते. फुलपाखराला राज्याचा मान द्यावयाचा आणि त्याच्या अळीला चिरडावयाचें, असा आपला न्याय आहे.

आतां कोणी म्हणेल, गुरुजी, हें सारें परसांतल्या लिंबापुरतें ठीक आहे. ज्याचें पीक उभ्या उभ्या खाल्लें जातें त्याला हें सांगा. आक्षेप रास्त आहे. मीहि शेतकर्‍याच्याच घरांतला. आमचा हा वाळवें तालुका, कृष्णा आणि वारणा यांच्या पाण्यावर ऊंस, हळद, मका, सोयाबीन पिकविणारा. २०१८ सालीं अमेरिकन लष्करी अळी या भागांत उतरली, तो प्रसंग येथील शेतकरी विसरलेले नाहींत. मूळची ती अमेरिका खंडांतली. २०१६ सालीं ती आफ्रिकेंत आढळली, २०१८ च्या मे महिन्यांत कर्नाटकांत, आणि त्याच वर्षीं महाराष्ट्रांत. मक्यावर तर ती पडलीच, पण आपल्या सांगली जिल्ह्यांत उंसावरहि आढळली. तिचा पतंग रात्रींतून दूरवर उडून जातो. मादी हजारावर अंडीं घालते, तीं पुंजक्यापुंजक्यांनीं, वर केसांचें पांघरूण घालून. अळी पोंग्यांत शिरून बसते आणि आंतून कोंवळें पान कुरतडते. पान उलगडलें कीं त्यावर भोंकांची रांग दिसते, आणि पोंग्यांत लाकडाच्या भुशासारखी तिची विष्ठा सांपडते.

अशा शत्रूशीं लढलेंच पाहिजे. त्याला लाडानें फूलबाळ म्हणून भागणार नाहीं. परंतु लढावयाचें कसें, याविषयीं जाणते लोक जें सांगतात तें त्या खेळांतल्या धड्याशीं फारसें विसंगत नाहीं. एकाच जातीचें औषध पुन्हां पुन्हां फवारलें, तर ज्या थोड्या अळ्या जात्याच तें पचविणार्‍या असतात त्याच मागें उरतात, आणि पुढची पिढी त्यांचीच होते. शिवाय त्या औषधानें अळीच्या अंड्यांवर जगणारे बारीक गांधीलवर्गी कीटक, ढालकिडे, कोळी हे आपले मित्र आधीं मरतात. मग अळी परत येते ती अधिक जोमानें. कापसावरील गुलाबी बोंडअळीनें हाच धडा दिला. २००२ सालीं आपल्या देशांत बीटी कापूस आला, तेव्हां बोंडअळीचा प्रश्न कायमचा मिटला असें पुष्कळांना वाटलें होतें. २०१७ सालीं तीच अळी विदर्भ-मराठवाड्यांतील कापसावर तुटून पडली. आपण मारलेल्या उडीनें ती मेली नव्हती. ती लाल होऊन परत आली होती. म्हणून आतां सांगतात तें असें: नांगरट खोल करा, म्हणजे जमिनींतले कोश उन्हांत आणि पाखरांच्या तोंडीं पडतील, कामगंध सापळे लावून पतंग केव्हां आले यावर लक्ष ठेवा, अंड्यांचे पुंजके हातानें वेंचा, आधीं निंबोळी अर्क फवारा, आणि जहाल औषध अगदीं शेवटीं, तेंहि आलटून पालटून वापरा. थोडक्यांत म्हणजे, शत्रूला तुडविण्यापूर्वीं त्याची ओळख करून घ्या.

येथवर मी दुसर्‍यांच्या गोष्टी सांगितल्या. आतां माझी सांगतों. कारण तिच्यासाठींच मी या ध्वनिक्षेपकासमोर बसलों आहें.

जपानांत हा सुरवंट जन्मास आला, साधारण त्याच सुमारास मी एका खेड्यांतल्या शाळेंत सातवीचा वर्ग शिकवीत होतों. वर्गांत एक मुलगा होता. अंगानें किरकोळ, स्वभावानें अगदीं मुका. कोणाच्या अध्यांत नाहीं कीं मध्यांत नाहीं. दोष एवढाच कीं, तो वर्गांत पेंगे, आणि प्रश्न विचारला कीं माझ्या नजरेला नजर देत नसे. एके दिवशीं सहलीच्या वर्गणीचे पैसे नाहींसे झाले. मीं टेबलाचे खण पाहिले, मुलांना विचारलें; कोणी बोलेना. त्या मुलानें नेहमींप्रमाणें मान खालीं घातलेली. चोराची ही खूण मला पुरेशी वाटली. मीं त्याला पुढें बोलाविलें आणि त्याचें दप्तर सगळ्या वर्गासमोर जमिनीवर उलटें केलें.

दप्तरांतून काय निघालें? वर्तमानपत्राचे वेष्टन घातलेल्या चार वह्या. फडक्यांत बांधलेली भाकरी. ती सुटून धुळींत गेली. आणि एक बॅटरी. ती पाहून मी म्हणालों, “रात्रींचा कोठें फिरत असतोस रे बॅटरी घेऊन?” वर्ग खदखदून हंसला. श्रोतेहो, मीं त्याला हात लावला नाहीं. छडी त्या दिवशीं कपाटांतच होती. पण तो मुलगा एकाएकीं लाल झाला. त्यानें ती बॅटरी उचलून फळ्यावर भिरकावली, तिची कांच फुटून खळ्ळकन खालीं पडली, आणि तो दप्तर तेथेंच टाकून निघून गेला.

सायंकाळीं ते पैसे सांपडले. माझ्याच हजेरीपटाच्या पुठ्ठ्याच्या आवरणांत मींच ते ठेवले होते.

दुसर्‍या दिवशीं मीं वर्गांत एवढेंच सांगितलें कीं, पैसे मिळाले. कोठें मिळाले तें सांगितलें नाहीं. मुलगा नवव्या दिवशीं शाळेंत आला. मी त्याला कांहीं बोललों नाहीं, तोहि बोलला नाहीं. पुढें केव्हां तरी कानांवर आलें कीं, वडिलांच्या पाठीला दुखणें असल्यामुळें उंसाला पाण्याची रात्रीची पाळी आली कीं तोच दारें धरावयास जाई. बॅटरीचें कोडें उलगडलें, आणि पेंगण्याचेंहि. तरीहि वर्षअखेर त्याच्या प्रगतिपुस्तकावर मीं शेरा लिहिला तो असा: ‘उद्धट. राग अनावर.’ अक्षर माझें वळणदार होतें. तो शेरा कोणीहि सहज वाचूं शकला असता.

२००९ सालीं शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि २०१० च्या एप्रिलपासून तो अंमलांत आला. त्याच्या सतराव्या कलमानें शाळेंत मुलाला शारीरिक शिक्षा करणें आणि त्याचा मानसिक छळ करणें, दोन्ही निषिद्ध ठरविलें. त्या वेळीं आम्हां शिक्षकांत पुष्कळ कुरकुर झाली. छडी गेली, आतां मुलें डोक्यावर बसणार, असें मीहि म्हणालों होतों. दुसर्‍या शब्दाकडे, त्या ‘मानसिक छळा’कडे, मीं पाहण्याचें टाळलें. त्या शब्दाशीं माझी जुनी ओळख होती.

आणि आतां या उन्हाळ्यांत, सोप्यांत बसून, नऊ वर्षांचें एक पोर मला सांगत होतें, “आजोबा, तो आधीं लाल नव्हता. तुम्ही उडी मारली म्हणून झाला.”

तो मुलगा आतां पंचेचाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. आमच्या गांवापासून जवळच त्याची शेती आहे. वाटेंत भेट झाली कीं थांबतो, गाडीवरून उतरून नमस्कार करतो, ‘गुरुजी’ म्हणतो. २०१८ सालीं लष्करी अळीच्या डोक्यावरची उलट्या इंग्रजी वाय अक्षराची खूण मला पहिल्यानें दाखविली ती त्यानेंच. इतक्या भेटी झाल्या, पण तो विषय मीं कधीं काढला नाहीं. त्याच्या तो लक्षांत नसेल अशी मीं स्वतःची समजूत घालून घेतली होती. या वेळीं मात्र नातवाला लष्करी अळी दाखवावयाचें निमित्त केलें आणि एका सकाळीं त्याच्या वैरणीच्या मक्यांत जाऊन उभा राहिलों.

त्यानें एक पोंगा उलगडून अळी तळहातावर घेतली. डोक्यावरची खूण, शेपटीकडचे चौकोनांत बसलेले चार काळे ठिपके, सारें नातवाला नीट दाखविलें. वर्गांत मीहि इतकें चांगलें शिकविलें नसेल. मुलगा दुसरा पोंगा शोधावयास पुढें गेला, तेव्हां मीं त्याला म्हटलें, “तुझें दप्तर मीं उलटें केलें होतें. पैसे माझ्याच हजेरीपटांत होते. मीं तें कोणाला सांगितलें नाहीं. चूक माझी होती.”

तो बराच वेळ हातांतल्या अळीकडे पाहत होता. मग म्हणाला, “गुरुजी, पैसं घावलं एवढं पोरांनी मला त्याच येळंला सांगितलं होतं. कुठं घावलं, ते आज कळलं.” थोडें थांबून तो पुन्हां म्हणाला, “बॅटरी वडिलांची होती. कांच फुटली म्हणून घरी लई मार बसला.”

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. माझ्या एका उडीचे वळ त्या मुलाच्या पाठीवर त्या रात्रीं उमटले होते, आणि मी मात्र ‘राग अनावर’ असा शेरा लिहून मोकळा झालों होतों. काय बोलावें तें मला सुचेना. त्यानेंहि ‘असूं द्या’ म्हटलें नाहीं, आणि तें त्यानें म्हटलें नाहीं याबद्दल मी त्याचा आभारी आहें. तें म्हणावयाला फार सोपें आणि ऐकावयाला फार सोयीचें झालें असतें. तो नातवाला हांक मारून म्हणाला, “चल बाळ, घरी चल. गुरुजींना चहा करायला सांगू.” आम्ही गेलों. चहा घेतला. त्याची मुलगी कृषिपदविका करते; तिनें नातवाला कामगंध सापळा उघडून दाखविला.

परत येतांना नातवानें विचारलें, “आजोबा, तुम्ही त्यांना सॉरी म्हणालांत ना? मग ते चिडले नाहींत?”

मीं म्हटलें, “नाहीं. त्यांचें चिडायचें तेव्हांच चिडून झालें होतें. तेव्हां मीं ऐकलें नाहीं.”

श्रोतेहो, आपल्या घरोघरीं मुलें आहेत, आणि त्यांच्या हातीं हे खेळहि आहेत. त्यांनीं किती वेळ खेळावें, डोळ्यांना काय अपाय होतो, हे प्रश्न खरे आहेत, आणि त्यांचा विचार आपण करीत असालच. माझी विनंती निराळी आहे. एखादे दिवशीं त्यांच्याशेजारीं जाऊन बसा, आणि ते ज्याला शत्रु म्हणतात तो कोण आहे, तो कशानें चिडतो, तें त्यांना विचारा. आणि घरांतलें किंवा वर्गांतलें एखादें मुकें मूल एकाएकीं लाल झालें, तर प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिण्यापूर्वीं आपला पाय कोठें पडला होता तेवढें पाहून घ्या. माझ्याकडून तें राहून गेलें, आणि तें ध्यानांत यावयाला मला पस्तीस वर्षें लागलीं.

आतां लिंबावरच्या त्या अळ्यांचें काय झालें, तें सांगून पुरें करतों. नातवानें सहा मोजल्या होत्या. त्यांतल्या चार पाखरांनीं नेल्या. तीहि सृष्टीची व्यवस्थाच आहे. एक अळी कोठें गेली तें कळलें नाहीं. उरलेल्या एकीनें खालच्या फांदीला कोश केला. तो उमलावयाच्या आंतच नातवाची सुट्टी संपली. जातांना तो मला बजावून गेला कीं, त्या फांदीला हात लावावयाचा नाहीं. मीं त्याची आज्ञा अक्षरशः पाळली. आठवड्यानें एके सकाळीं पाहतों तों कोश फाटून रिकामा झालेला. फुलपाखरूं मला दिसलें नाहीं. मीं त्याला तसेंच पत्र लिहिलें: कोश रिकामा आहे, आंत कोणी नाहीं, झाड ठीक आहे.